मीठ, ऊन आणि ड्युनालिएला: जालन्याच्या गच्चीवरच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

शेवाळाचं कल्चर आज हातात आलं. दोन परखनळ्या, कापसाचं बूच, आत फिकट हिरवं पाणी. ड्युनालिएला सलायना, खाऱ्या पाण्यात वाढणारं एकपेशीय शेवाळ. मॅडमनी एक नळी ट्यूबलाइटखाली मांडायला लावली, दुसरी राखीव ठेवली.

थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि अर्धा तास उठवलंच नाही. अंड्याच्या आकाराच्या पेशी, पुढच्या टोकाला पोहायला दोन कशाभिका, म्हणजे बारीक शेपट्या, पेल्यासारखं एकच मोठं हरितलवक. सगळ्या पळताहेत. या पेशींना टणक पेशीभित्तिका नसते, फक्त पातळ पटल. गोड्या पाण्यातलं नेहमीचं हिरवं शेवाळ भिंतीच्या आधारावर तगतं. ही पेशी मात्र फुगा असल्यासारखी, बाहेरचं मीठ वाढलं की आक्रसते आणि कमी झालं की फुगते. प्रकल्प याच गोष्टीवर उभा आहे.

१८३८ साली फ्रान्समधल्या माँपेलिएजवळच्या मिठागरांत पाण्याचा लाल रंग मिशेल फेलिक्स द्युनाल यांनी पाहिला आणि तो सजीवांचा आहे असं नोंदवलं. पुढे १९०५ मध्ये रुमानियाच्या तिओदोरेस्को यांनी या प्रजातीला द्युनाल यांचं नाव दिलं. आपल्या देशात सांभर सरोवरातही ती सापडते. समुद्रापासून इतक्या आत, जालन्यात, ती आता आमच्या मांडणीवर आहे.

६ फेब्रुवारी

माध्यम, म्हणजे शेवाळाच्या खाद्याचं द्रावण, बनवताना पहिला घोळ. घरून आणलेलं बोअरचं पाणी वापरून बघावं असं माझ्या मनात होतं. मीठ, मॅग्नेशियम, नायट्रेट विरघळेपर्यंत पाणी स्वच्छ होतं. फॉस्फेट आणि बायकार्बोनेट टाकून ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राला) लावलं तर बाहेर काढल्यावर तळाला पांढरा गाळ. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, ते फॉस्फेट आणि कार्बोनेटला धरून खाली बसलं. म्हणजे शेवाळाच्या खाद्यातलं फॉस्फरस फ्लास्कच्या तळाशी आणि पेशी उपाशी. उद्यापासून डिस्टिल्ड पाणी, आणि फॉस्फेट, बायकार्बोनेट, लोह वेगळं निर्जंतुक करून थंड झाल्यावर घालायचं.

खायचं आयोडीनयुक्त बारीक मीठही नको. त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेला पदार्थ पाणी धूसर करतो, मोजणीत तो पेशींमध्ये मिसळून दिसतो. छोट्या फ्लास्कना प्रयोगशाळेचं सोडियम क्लोराइड, मोठ्या टबांना खडे मीठ गाळून.

११ फेब्रुवारी

सहा पातळ्या ठरल्या: अर्धा, एक, दीड, दोन, तीन आणि चार मोलर. लिटरला मोजायचं तर अर्धा मोलर म्हणजे २९ ग्रॅम मीठ, दीड म्हणजे ८८ आणि चार म्हणजे २३४. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे आमचा पहिलाच फ्लास्क जवळपास समुद्र आणि शेवटचा मिठागराच्या शेवटच्या वाफ्यासारखा. प्रत्येक पातळीचे तीन, एकूण १८ फ्लास्क. सुरुवात सगळीकडे मिलीलिटरला ५० हजार पेशींनी.

मोजणी हिमोसायटोमीटरवर, म्हणजे पेशी मोजायच्या चौकोन आखलेल्या काचपट्टीवर. पेशी पळतात म्हणून त्यांना थांबवायला थेंबभर लुगोल आयोडीन. कोपऱ्यातल्या चार चौकोनांची सरासरी गुणिले दहा हजार. आज सरासरी ५ आली, हिशोब जुळला.

१५ फेब्रुवारी

चार मोलरच्या तिन्ही फ्लास्कमध्ये काही हालचाल नाही. पेशी सुरकुतलेल्या, लहान. चूक माझी. दीड मोलरमध्ये वाढलेल्या पेशी मी थेट चारमध्ये ओतल्या. बाहेर मीठ एकदम वाढलं की पाणी पेशीतून बाहेर पळतं आणि काही मिनिटांत ती आक्रसते. त्यानंतर ती आतल्या आत ग्लिसरॉल तयार करायला लागते, म्हणजे आतलं द्रावण बाहेरच्या तोलामोलाचं होतं आणि पाणी परत येतं. मीठ आत घेऊन ती हा तोल साधत नाही, कारण आत इतकं मीठ झालं तर तिची विकरंच चालणार नाहीत. पण ग्लिसरॉल फुकट होत नाही. प्रकाशातून मिळवलेला कार्बन त्यात जातो आणि वाढीला उरतो कमी.

हे वाचलेलं होतं, पण भिंगाखाली सुरकुतलेली पेशी बघितल्यावरच नीट कळलं. चारचा गट पुन्हा लावते. दोन, अडीच, तीन, साडेतीन असं दोन-दोन दिवसांनी चढवत न्यायचं.

२३ फेब्रुवारी

पहिल्या आठ दिवसांची गणना (पायऱ्या चढवलेला गट पुढच्या आठवड्यात):

दीड मोलर सर्वांत पुढे, मिलीलिटरला ८ लाख. पन्नास हजारांचे आठ लाख म्हणजे चार वेळा दुप्पट, दर दोन दिवसांनी एकदा. दोन मोलर जरा मागे. तीन मोलर ४ लाखांवर. अर्ध्या मोलरमध्ये मला वाटलं होतं त्याहून बऱ्या वाढल्या, पण तिथे पाहुणेही आलेत. तीनपैकी दोन फ्लास्कमध्ये दुसरंच कुठलंतरी गोलसर हिरवं शेवाळ आणि एकात पेशी खाणारे केसल अंगाचे एकपेशीय प्राणी.

मॅडम म्हणाल्या, "कमी मिठात ती वाढत नाही असं नाही गं, कमी मिठात तिला कुणी एकटीला राहू देत नाही." मोठ्या तळ्यांत काम करणारे लोक वाढीच्या सर्वोत्तम पातळीच्या वरच का मीठ ठेवतात याचं उत्तर मला इथे मिळालं. वाढ थोडी हळू होते, पण कुंपण पक्कं राहतं.

२ मार्च

शनिवार-रविवार गावी. मंठ्याच्या अलीकडे आमचं गाव. खालच्या अंगाचा दीड एकर चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेली जमीन, आहे. पावसात पाणी वर तुंबतं, उन्हात ढेकूळ दगडासारखं. बोअरचं पाणी मचूळ, जनावरं उन्हाळ्यात तोंड फिरवतात.

अण्णांनी रात्री विचारलं, "काय करायलीस माय त्या मिठाच्या पाण्याचं? आपल्या बोअरच्या पाण्यावर होईल का ते?"

मी त्याच बोअरचं पाणी टीडीएस मापीवर तपासलं होतं, २,१०० आलं. म्हणजे लिटरला दोन ग्रॅमच्या थोडं वर. अण्णांना सांगितलं, हे पाणी तुरीला खारट आहे, शेवाळाला गोडच. त्याला लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास लागतं. आपल्या पाण्यात पन्नास पट मीठ विकत आणून घालावं लागेल, आणि ते खारं पाणी नंतर कुठे टाकणार? आपल्याच रानात.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे शेतासाठी नाही." मी नाही म्हटलं. त्यांना खोटी आशा लावायची नव्हती. 'खाऱ्या पाण्यातून सोनं' असल्या बातम्या गावोगाव फिरतात आणि माणसं त्यात पैसे घालतात.

४ मार्च

पायऱ्यांनी चढवलेला चार मोलरचा गट जिवंत आहे आणि पळतोय. वाढ अगदी हळू, आठ दिवसांत ५० हजारांचे १ लाख १० हजार. पण रंग बघा. हिरव्यात पिवळसर झाक आलीय.

१२ मार्च

आता उजेड आणि नायट्रेट. दोन मोलर मीठ सगळीकडे सारखं. निम्म्या फ्लास्कांना पूर्ण नायट्रेट, निम्म्यांना दहावा हिस्सा. त्यातले निम्मे ट्यूबलाइटखाली, निम्मे दक्षिणेच्या खिडकीत, जिथे सकाळी दहापासून थेट ऊन येतं.

२१ मार्च

आज एक मोठी चूक पकडली, म्हणून सविस्तर लिहिते.

खिडकीतल्या, कमी नायट्रेटच्या फ्लास्कांचं स्पेक्ट्रोफोटोमीटरवरचं, म्हणजे द्रावण किती प्रकाश अडवतं ते मोजणाऱ्या यंत्रावरचं, वाचन (६८० नॅनोमीटर) तीन दिवसांपासून घसरत होतं. मी वहीत 'पेशी मरत आहेत' लिहून मोकळी झाले होते. मैत्रीण म्हणाली, मोज तरी. मोजलं तर संख्या जवळपास तेवढीच. पेशी मरत नव्हत्या, हरितद्रव्य कमी होत होतं. ६८० ला मी पेशी मोजत नव्हते, त्यांचा हिरवेपणा मोजत होते.

भिंगाखाली त्याच पेशी मोठ्या, गोल आणि नारिंगी झालेल्या. हरितलवकाच्या आत तेलाचे बारीक थेंब साठतात आणि त्यात बीटा-कॅरोटिन. कारण असं की उजेड भरपूर येतोय, प्रकाशसंश्लेषण चालू आहे, पण नायट्रोजन नाही म्हणून नवी प्रथिनं बनत नाहीत, पेशी विभागत नाही. मिळालेली ऊर्जा खर्चायला वाट नाही. अशा वेळी ऑक्सिजनची घातक रूपं तयार होऊन पेशीलाच जाळतात. कॅरोटिनचा थर निळा प्रकाश अडवून हरितद्रव्याला सावली धरतो. ज्या नारिंगी रंगासाठी जगभर हे शेवाळ वाढवतात, तो रंग म्हणजे संकटातल्या पेशीने धरलेली छत्री आहे. काही जातींत कॅरोटिन कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत भरतं.

ट्यूबलाइटखालचे, पूर्ण नायट्रेटचे फ्लास्क गर्द हिरवे आणि पेशींनी भरलेले. त्यात कॅरोटिन नावापुरतं.

म्हणजे 'कोणत्या परिस्थितीत शेवाळ चांगलं वाढतं' हा आमच्या प्रस्तावातला प्रश्नच दोन प्रश्नांची गाठ आहे. संख्या हवी तर एक परिस्थिती, रंग हवा तर नेमकी उलटी. प्रस्तावाचा तो परिच्छेद पुन्हा लिहायला घेतला. आधीच्या सगळ्या ६८० च्या नोंदींवर लाल पेनने खूण केली. आतापासून प्रत्येक दिवशी तीन गोष्टी: पेशींची संख्या, ७५० ला धूसरपणा, आणि ॲसिटोनमध्ये काढलेल्या रंगद्रव्यांत कॅरोटिन व हरितद्रव्याचं गुणोत्तर. ॲसिटोनचं काम खोलीत अंधार करून, कारण कॅरोटिन उजेडात विटतं.

५ एप्रिल

गच्चीवर तीन टब. प्रत्येकी ४० लिटर, पाण्याची खोली २० सेंटीमीटर, दोन मोलर. पहिल्यात रोज संध्याकाळी खुणेपर्यंत गोडं पाणी भरायचं. दुसऱ्यात काहीच भरायचं नाही, आटू द्यायचं. तिसऱ्यात पाणी भरायचं पण वर निम्मी सावली देणारं शेडनेट. मीठ आणि ऊन यांचं कोडं वेगळं करायला हा एकच मार्ग सुचला. मीठ प्रत्येकी सुमारे ४.७ किलो, तिन्ही मिळून १४.

प्रयोगशाळेतल्या काकांनी टबाखाली थर्माकोल घातलं, स्लॅब तापतो म्हणून. हे मला सुचलं नव्हतं.

११ एप्रिल

दुसऱ्या टबात सहा दिवसांत पाणी २० चं १६ सेंटीमीटर. मीठ तेवढंच, पाणी कमी, म्हणजे दोन मोलरचे अडीच झाले. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघड्या टबातलं मीठ कधीच एका जागी थांबत नाही. मीठ एकदम नव्हे, रोज थोडं चढतंय, म्हणून पेशी जुळवून घेताहेत. फेब्रुवारीत मी चुकवलेल्या पायऱ्या इथे ऊनच चढवतंय.

सामू पण बघितला. सकाळी ७.८, दुपारी तीनला ९.१. दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून सामू वर जातो. त्यात पाणी जितकं खारं आणि गरम तितका वायू कमी विरघळतो. दुपारी भरपूर ऊन असूनही ते कार्बनसाठी उपाशी असणार. बायकार्बोनेटची मात्रा वाढवली.

१८ एप्रिल

दुपारी तीनला हवा ४१, पहिल्या टबात ३८, शेडनेटखाली ३३. आठवड्याची वाढ शेडनेटखाली सर्वांत चांगली, रंग सर्वांत हिरवा. दुसरा टब पिवळा पडू लागला.

इथे जो तो येऊन एकच विचारतो, लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं ते याच शेवाळाने का? जूनमधली २०२० ची ती छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलीत, आणि लोणार इथून काही लांब नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तेव्हा रंग हॅलोआर्किआ या खारप्रेमी सूक्ष्मजीवांचा निघाला. ते शेवाळ नव्हेत. लोणारचं पाणी खारं आहे त्याहून जास्त अल्कधर्मी आहे, सामू दहाच्या आसपास, तिथे स्पिरुलिनाच्या कुळातले जीव सुखाने राहतात. कमी पाणी, जास्त क्षार, कडक ऊन ही गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी.

२४ एप्रिल

संध्याकाळी साडेपाचला आभाळ भरून आलं आणि अवकाळी. आम्ही धावत जाऊन टबांवर ताडपत्री ओढली. ताडपत्री मधोमध खोलगट झाली, तिच्यात पाणी साचलं, वाऱ्याने कोपरा सुटला आणि सगळं पाणी पहिल्या टबात. खोली २० ची २५ सेंटीमीटर. रडू आलं. दोन महिन्यांची मेहनत एका कोपऱ्याची दोरी नीट न बांधल्यामुळे.

तरी ढवळू दिलं नाही. वरचा आणि तळाचा नमुना वेगळा घेतला.

२५ एप्रिल

रात्रीचे नमुने पाहिले. वरच्या थरात पेशी गोल, फुगलेल्या, काही फुटलेल्या, काही ठिकाणी नुसते हिरवे शिंतोडे. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगत राहिलं आणि वरच्या पेशी एकाएकी जवळजवळ बिनमिठाच्या पाण्यात सापडल्या. तळाच्या नमुन्यात मात्र सगळं नेहमीसारखं, पळणाऱ्या पेशी.

सकाळी हळूहळू ढवळलं. दोन मोलरचे १.६ झाले, आणि दुपारपर्यंत बहुतेक पेशी पळत होत्या. पूर्ण टबाच्या सरासरीने ही घट त्यांना सोसण्यासारखीच होती. जे मेलं ते सरासरीने नव्हे, वरच्या दोन-तीन सेंटीमीटरच्या थराने मेलं. उघड्या तळ्यात पाऊस किती पडला यापेक्षा तो किती वेळात मिसळला हे बघावं लागेल. माझ्या कुठल्याही फ्लास्कने हे दाखवलं नसतं. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, हे प्रबंधात वेगळं प्रकरण कर.

६ मे

४३ अंश. पहिल्या टबातलं पाणी ३९.५. दुपारच्या थेंबात बहुतेक पेशी स्थिर, पहाटेच्या थेंबात पुन्हा पळतात. संख्या आठवडाभर तिथेच. शेडनेटखाली अजूनही थोडी वाढ. पुस्तकं सांगतात तसं हिला तिशीच्या आसपासचं तापमान मानवतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपली हवा तिच्यासाठी उत्तम होती, आता नाही. मराठवाड्याला 'बारा महिने ऊन' म्हणून शेवाळासाठी निवडायचं असेल तर हे दोन महिने वेगळे मोजावे लागतील.

दुपारी वीज चार तास गेली, खालची खोली ३८ वर. राखीव नळी ओल्या मडक्यात ठेवली.

१५ मे

दुसरा टब: पाणी ११ सेंटीमीटर, मीठ साडेतीन मोलरच्या वर, रंग पिकलेल्या लिंबाच्या पुढे जाऊन गाजरासारखा. कॅरोटिन आणि हरितद्रव्याचं गुणोत्तर तिन्ही टबांत सर्वांत जास्त. पण पेशी? पहिल्या टबाच्या निम्म्याही नाहीत. पहिल्यालाही तेवढंच ऊन, तरी तो पिवळट हिरव्यावर थांबलाय. म्हणजे ऊन एकट्याने एवढं करत नाही, चढतं मीठ त्याच्या जोडीला लागतं. सावलीतला तिसरा गर्द हिरवा.

मग करायचं असेल तर दोन टप्प्यांत: आधी सावलीत, कमी मिठात, नायट्रेट देऊन संख्या वाढवायची, मग उन्हात नेऊन आटू द्यायचं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हट लगूनसारख्या ठिकाणी मोठी उथळ तळी असतात, तिथे ऊन आणि मीठ निसर्गच देतो. आपल्याकडे ऊन आहे. मीठ ट्रकने येणार आणि पाणी टँकरने. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आणि माझा पहिला टब खुणेवर ठेवायला उन्हाळ्यात रोज दीड लिटरच्या आसपास गोडं पाणी पितो. एक टब, पाव चौरस मीटरही नाही. हा आकडा मी निष्कर्षात पहिल्या पानावर घालणार आहे.

२७ मे

टब रिकामे करायची वेळ. गच्चीचं पाणी पाइपातून मागच्या बागेत जातं. तिथे कडुनिंब आहेत, एक आवळा आहे. चौदा किलो मीठ एका गुंठ्यावर गेलं तर दर चौरस मीटरला सुमारे १४० ग्रॅम. आमचा चोपणाचा तुकडा डोळ्यासमोर आला. सोडियम मातीच्या कणांना सुटं करतं, भेगा बुजतात, पाणी मुरत नाही, आणि मग जिप्सम घालत वर्षानुवर्षं बसायचं.

शेवाळ गाळून घेतलं. उरलेलं पाणी उथळ ट्रेमध्ये आटवायला लावलं. गच्चीची मोरी कापडाचा बोळा आणि प्लास्टिक घालून बंद केली.

९ जून

पहिला पाऊस अजून नाही, पण वारा फिरलाय. ट्रे कोरडे झाले. कडेला खडे, मधे पातळ पापुद्रा, काही ठिकाणी नारिंगी डाग. ते खरवडून गोळा केलं. वजन १३ किलो १०० ग्रॅम. जे कमी भरलं ते नमुन्यांत, मोजणीत आणि ट्रेच्या कोपऱ्यांत गेलं. झाकणाच्या बादलीत भरून वर चिकटपट्टी लावली: 'पुढच्या गटासाठी. ओतू नये.'

संध्याकाळी अण्णांचा फोन. जिप्सम किती पोती लागेल विचारत होते. मातीचा नमुना घेऊन या म्हटलं, वरच्या वितीतला वेगळा आणि खालचा वेगळा.